सुपातला समुद्र

२ एप्रिल

लाउडस्पीकरचे चार जुने पोंगे आज भंगारवाल्याने नेले. वजनावर. अकराशे रुपये! मी घासाघीस केली नाही हे पाहून तोच घाबरला. म्हणाला, "भाऊ, तब्येत बरी आहे ना?"

त्या पोंग्यांना खरं काय लागलं होतं ते एकदा लिहून ठेवतो. बापाचा एक बैल — पांढरा, उजव्या बाजूला जुंपायचा तो. आईच्या हातातले चांदीचे गोट. आणि माझी दहावी. दुकानदाराने सांगितलेली किंमत आज आठवतही नाही, या तिन्हींची आठवते. उरलेला बैल कितीतरी दिवस रिकाम्या जागेकडे तोंड करून उभा राहायचा. बाप म्हणायचा, "त्याले गाणं आयकव त्या भोंग्यातून. जोडीदाराचा आवाज निघते का पाहू."

पण आज वडशात कोणालाही विचारा — सोमाजी साऊंड सर्विस! बापाचंच नाव दिलं. नाटकाच्या हंगामात एकेका रात्री तीन-तीन गावांना माझं सामान असतं. स्पीकरची भिंतीएवढी नवी खोकी आहेत, मिक्सर आहे, गाड्या आहेत. आणि या सगळ्याच्या वर माझे दोन कान. मैदानाच्या पार शेवटी उभा राहून सांगतो, डावीकडचं तिसरं खोकं फाटलं. पोरं उघडून पाहतात — फाटलेलं! मशीन चुकेल, हेमराजचे कान चुकायचे नाहीत.

जेवताना बायकोने, दामिनीने विचारलं, "अकराशाचं काय करान मंग?" धाकट्या खुशालच्या तोंडात घास होता तरी ओरडला, "समुद्र!"

बरोबर आहे त्याचं. कबूल करून पाच उन्हाळे गेले. हंगाम संपला की लग्नं येतात, आणि लग्नाची सुपारी आली की मी समुद्र पुढे ढकलतो. दिव्या काहीतरी पुटपुटली. ही पोरगी हल्ली तोंडातल्या तोंडातच बोलते. काय म्हणालीस विचारलं तर, "काही नाही."

मग दामिनीनेच सांगितलं. "म्हणते, यंदा नवव्वीत आहो. पुढच्या वर्षी दहावी. मंग कोण नेते न कोण येते."

दहावी! तो शब्द बरोबर जागेवर लागला. मेचा शेवटचा आठवडा. एकही सुपारी घेणार नाही. लिहून टाकलं म्हणजे झालं.


५ एप्रिल

समुद्र जाहीर केला आणि अख्खं वडसा सल्लागार झालं.

साळा म्हणतो, गोवा. "भाऊजी, गोवा म्हणजे गोवा!" मी विचारलं, तुझ्या पोरांनी काय केलं तिथे? म्हणे, हॉटेलात कार्टून पाहिलं. बाहेर सगळं मोठ्या माणसांचं. गोवा रद्द. कोकण — जाऊन येण्यातच सुट्टी संपते. आईच्या मनात पुरी. जगन्नाथाचं दर्शन आणि समुद्र, दोन्ही होईल. पण तिकडे लाटा मोठ्या म्हणतात, आणि खुशालला पाणी दिसलं की चप्पल काढायचीही आठवण राहत नाही.

प्रत्येकाची अट वेगळी. आईचे गुडघे — खोलीतून उतरलं की रेती लागली पाहिजे. दामिनी — संडास स्वच्छ, आणि चूल बघणार नाही म्हणजे नाही. खुशाल — पाणी. दिव्याची अट तिच्या आईमार्फत कळली: "बाबांनी तिथी कोणाचा साऊंड दुरुस्त कराचा नाई."

तोडगा दिनेशने काढला. वीस वर्षं झाली माझ्याकडे, मिक्सर तोच सांभाळतो. म्हणाला, "भाऊ, तुमाले मुंबईकडचाच समुद्र काऊन पाह्यजे? आमच्या आजोळचे लोकं तं आंध्रात चिराल्याकडे जातेत. बल्लारशाले रातच्याला गाडीत बसा, सकाळी समुद्र."

बाप्पा! महाराष्ट्राचा माणूस समुद्र म्हटला की मावळतीकडेच बघतो. आमचा जवळचा समुद्र उगवतीला आहे हे या वयात कळलं.


८ एप्रिल

दुपारभर फोन. माझी पद्धत साधी. समोरचा काय बोलतो ते दिनेश ऐकतो. आजोळ सिरोंच्याचं, तेलुगू येते त्याला. बोलणाऱ्याच्या मागे काय वाजतं ते मी ऐकतो.

पहिला म्हणाला, खोलीतून समुद्र दिसतो. मागे ट्रक गिअर बदलत होता, भरलेला. म्हणजे हायवेवरची खोली. काट मारली.

दुसरा म्हणे, एकदम शांत जागा. मागे जनरेटर. मी विचारायला लावलं, लाइट जाते का? म्हणे, कधीच नाही! दिनेश हसून खाटेवरून पडायचा राहिला.

तिसऱ्याकडे डीजे. आता तो तर माझाच धंदा! अठरा इंची खोकी आणि एकाचा कागद फाटायला आलेला. मी म्हटलं, सांग त्याला, एक खोकं जाणार आहे तुझं. तो पलीकडे घाबरून विचारतो, साहेब इथेच उतरले आहेत का?

चौथी एक बाई. कोणालातरी ओरडली आणि फोन घेऊन चालत बाहेर आली. मागे काही नाही. मग लांबून एक घुम्म्. थांबून परत घुम्म्. घाई नाही, मोठ्या जनावराचा झोपेतला श्वास असतो तसा. मी दिनेशच्या हातातून फोन घेतला आणि नुसता ऐकत बसलो. बाई हॅलो हॅलो करत राहिली.

तिच्या तीनच खोल्या. नवरा होडी घेऊन मासे धरायला जातो. पाणी उथळ आहे, लेकरं कमरेपर्यंत लांबवर चालत जातात. पण दुपारनंतर ओढ सुटते. किनाऱ्यावर पहारेकरी असतो, तो शिट्टी वाजवतो. शिट्टी ऐकली की बाहेर यायचं, एवढं पाळा.

"शिट्टी आयकाले आपल्याले काय लागते!" मी म्हटलं. दिनेशने तेलुगूत काय सांगितलं देव जाणे. जागा ठरली.


१२ एप्रिल

संध्याकाळी अंगणात बसलो होतो. रातकिडेच नाहीत! पूर्वी दिवेलागणीला सुरू व्हायचे ते अंधार भरून टाकायचे. नाटकाच्या मैदानात पहिली घंटा व्हायच्या आधी मी त्यांच्याच आवाजावर ट्रेबल, म्हणजे बारीक आवाजाची पट्टी, लावायचो. माइक उघडा ठेवायचा. पोंग्यातून रातकिडा रातकिड्यासारखा आला की नायिकेचा आवाज स्वच्छ येणार, हे पक्कं. कोणी शिकवलं नव्हतं.

आता शेताशेतात औषधं. मारले सगळे. दोन-चार वर्षांत एक ऐकला नाही मी.


१५ एप्रिल

काल जयंतीची मिरवणूक. गर्दी छान, काम चोख, पण मंडळाचा अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणतो, "हेमराजभाऊ, आवाज कानात टोचून राह्यला जी. लहान पोट्टे रडून राह्यले."

टोचतोय! माझा आवाज!

दोष या नव्या खोक्यांचा आहे. दणका भरपूर, पण बारीक काम नाही. पैंजण वाजलं तर कळत नाही, बांगडी कळत नाही, 'स' कुठे आणि 'श' कुठे पत्ता नाही. म्हणून मला ट्रेबल चढवावं लागतं. जुन्या पोंग्यांत नटीने नाक ओढलं तरी शेवटच्या रांगेला रडू यायचं. हे दिनेशला सांगितलं तर तो वायर गुंडाळत म्हणाला, "हौ भाऊ." त्याचा हौ मला आवडला नाही.

चुकलं की काय ते पोंगे विकून?


२१ एप्रिल

आई आता यायला तयार नाही. "समुद्र पाहाले मी कायले येऊ, बापू? तुया सुपातला पाह्यला न मी."

हसलो. पण दिवसभर ते सूपच डोक्यात होतं.

तेव्हा मी नाटक कंपनीत नवा, पोंगे झाडावर बांधायचं काम. नाटकाच्या तिसऱ्या अंकात नायकाची बोट बुडायची. समुद्राचा आवाज पाहिजे. आणि समुद्र कोणी पाहिलेला? लेखकाने नाही. नायक आरमोरीचा, खलनायक नागभीडचा, दोघांनी तलावापलीकडे पाणी पाहिलं नव्हतं. एकाने परातीत पाणी हलवून पाहिलं. म्हैस धुतात तसं वाजलं! तालमीतले सगळे लोळले.

मी घरी गेलो. आई ओसरीत धान पाखडत होती. दाणे सुपाच्या टोकाकडे जायचे, थांबायचे, परत यायचे. मी दारातच उभा राहिलो. म्हटलं, हाच. समुद्र हाच.

सूप तसंच धानासकट उचलून नेलं. माइकसमोर धरलं, हळू एका अंगाला, हळू दुसऱ्या अंगाला. त्या रात्री आरमोरीला मंडईच्या जत्रेचं नाटक. गॅसबत्त्या मंद केल्या, मी सूप कलतं केलं, आणि पोंग्यातून जे आलं... पुढच्या रांगेतल्या बायांनी लुगडी गुडघ्यापर्यंत वर उचलली. पाणी येतंय म्हणून! त्यात माझी आई. तिचंच सूप, तिचंच धान, आणि तीही पाय वर घेऊन बसलेली.

सकाळी विचारते, "खरा समुद्र असाच वाजते काय रे?"

मी म्हटलं, "असाच."

पुढे कितीतरी वर्षं कंपन्या नावाने मागायच्या — तो समुद्रवाला पोट्टा पाठवा. आता पेन ड्राइव्हमध्ये समुद्र आहे. बटण दाबलं की येतो. कोणाचं लुगडं ओलं होत नाही त्याने.

मीच आईला सांगितलं, चल, तपासून घे एकदा. खरं-खोटं होऊन जाऊ दे. तेव्हा कुठे म्हणाली, "मंग येतो."


३ मे

तिकिटं झाली. खुशाल अंगणातल्या टाक्यात डोकं बुडवून श्वास रोखायचा सराव करतोय. दामिनीने कानाला धरून बाहेर काढला.


१९ मे

नेमकी त्याच आठवड्यातली सुपारी आली. वडशातलं मोठं घर, मागतील ते द्यायला तयार. बैठकीत बोलत होतो आणि आतलं सगळं घर गप्प झालेलं मला कळत होतं. भांडं वाजेना.

म्हटलं, नाही जमत. समुद्राला जातोय.

पाहुणे गेल्यावर दामिनी चहा घेऊन आली. न मागता. "अवो, तुमाले ताप-गिप तं नाई ना?" भंगारवाल्यासारखीच!


२५ मे

समुद्र.

खोलीतून उतरलं की रेती. फोनवर ऐकलं होतं तसंच सगळं. खुशाल शर्टासकट आत. दामिनी सकाळपासून खुर्चीवर पाय पसरून बसली आहे आणि दर थोड्या वेळाने विचारते, आता काय रांधून राह्यले असतील हे लोकं? दिव्या हसत होती. कधीची पाहिली नव्हती अशी हसताना.

आईला हात धरून ओल्या रेतीपर्यंत नेलं. पहिली लाट पायाशी आली आणि तिने लुगडं वर उचललं. अगदी तस्सं! माझे डोळे भरले, खारं वारं म्हणून चालून गेलं.

ती बराच वेळ ऐकत उभी राहिली. परीक्षक जसा. मग म्हणाली, "तसाच वाजते रे. तुया सुपासारखाच."

चाळीस वर्षांनी निकाल लागला! पास!

"पण शेवटची फसफस तुया सुपात नव्हती," ती म्हणाली. "पानी मांगं जाते न, तवा फेस बसते. बारीक बारीक. भाकरीवर पानी फिरवल्यावानी."

कुठली फसफस? मी कान दिला. घुम्म् येतो, मग शांत, मग परत घुम्म्. मधे काहीच नाही. म्हातारीच्या कानात वारा गेला असेल. तिला हो म्हटलं.


२६ मे

लिहू नये असं वाटतं. लिहितो.

दुपार कलत आली होती. खुशाल कमरेएवढ्या पाण्यात, मी त्याच्या अलीकडे गुडघाभर. हात लांबवला तर पोहोचेल इतकाच दूर. त्याला आजोबांचं सांगत होतो, सोमाजीबुवा पुरात वैनगंगा कशी ओलांडायचे ते. आजूबाजूची माणसं बाहेर पडत होती. मला वाटलं, चहाला निघाली. रेतीवर आई उभी राहून हात हलवत होती. मीही हलवला. हसून!

तेवढ्यात दिव्या माझ्या अंगावरून पळत आत गेली. तिला पोहता येत नाही. तिने खुशालचा दंड धरला आणि लाटेने दोघांना खाली घेतलं. पायाखालची रेती सरकत होती, पाणी आतल्या अंगाला खेचत होतं. मी झेपावलो. हाताला दिव्याची वेणी लागली. ती धरून ओढलं. तिच्या मुठीत खुशाल होता. सोडला नव्हता तिने.

बाहेर आलो. पहारेकरी धावत आला, तेलुगूत ओरडला. आधी शिट्टीकडे बोट, मग स्वतःच्या कानाकडे. म्हणजे माझ्या कानांना नावं ठेवतो! मी मराठीत ओरडलो, "वाजवली कुठी तुनं? वाजवलीच नाई!"

दामिनी म्हणाली, "अवो, केवढ्या वेळचा वाजवून राह्यला होता तो."

आई म्हणाली, "मले आयकू आली, बापू."

खुशाल टॉवेलमध्ये गुंडाळलेला, दात वाजत होते. म्हणाला, "मले पण आली. पण तुम्ही उभे होते म्हणून मी पण उभा होतो."


२७ मे

दिव्याच्या मोबाइलमध्ये कालचं निघालं. ती आजीचा व्हिडिओ घेत होती, मागे सगळं आलंय. मी म्हटलं, दाखव.

लाटा. बाहेर येणारी माणसं. पहारेकरी, गाल फुगवून. शिट्टी तोंडात. आवाज नाही.

"बघ," म्हटलं, "नुसतीच धरली आहे तोंडात. आवाज वाढव."

तिने वाढवला. माझ्याकडे पाहत होती. शेजारच्या खोलीतून दामिनी ओरडली, "बंद करा नं ते शिट्टी! कालपासून डोक्यात बसली आहे."

मोबाइल दिव्याच्या हातात दिला.

ती पुटपुटत नाही. आज जवळ बसून तिच्या ओठांकडे नीट पाहिलं. चांगलं स्पष्ट बोलते.


४ जून

गोदामात दिनेश एकटा होता. विचारलं, खरं सांग. मी ट्रेबल किती चढवतो?

तो चपलेच्या अंगठ्याकडे पाहत राहिला. "भाऊ, तुमी मागं वळले का मी खाली आनतो. दोन हंगाम झाले. जयंतीले तुमी बाजूलेच उभे होते, म्हणून मले जमलं नाई."

"सांगितलं काऊन नाई?"

"तुमच्या कानाबद्दल तुमाले कोण सांगन, भाऊ?"

ते फाटलेलं खोकं मात्र मी अजून ओळखतो, असं म्हणालो. तो म्हणाला, हौ. दणका तुमाले आमच्यापेक्षा आधी कळते. त्यात खोटं नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं झाडावर त्या पोंग्यांच्या तोंडाशी बसून वायर बांधली मी. भंगारवाल्याला अकराशेला दिले तेच पोंगे.

ऑगस्टपासून नव्या नाटकांच्या तालमी. मिक्सरवर दिनेश बसेल. मी बुकिंग पाहीन.


८ जून

दिवेलागणीला मिक्सर अंगणात आणला. एक माइक, तोंड कुंपणाकडे. मिक्सरच्या पडद्यावर आवाजाच्या पट्ट्या दिसतात; खालच्या, जाड आवाजाच्या, निजलेल्या. वरच्या, बारीक आवाजाच्या, टोकापर्यंत चढून थरथरत होत्या. माझ्या कानात काही नाही.

दिव्याला हाक मारली. विचारलं, हे काय वाजतंय?

ती समोर येऊन बसली. तोंड माझ्याकडे करून, मोठ्याने म्हणाली, "रातकिडे, बाबा. रोजच असतात."